संगमनेरची चिठ्ठी आणि चामड्याचा सोफा

(बेलापूर येथे युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)



बेलापूर म्हटलं की मुंबईवाल्याला नवी मुंबई आठवते. हे प्रवरेकाठचं बेलापूर. आपलं स्टेशन श्रीरामपुरात आहे आणि पाटीवर नाव मात्र बेलापूरचं, अशी आपली गंमत. मुंबईहून आलेल्या दोघांनी कालच मला फोनवर विचारलं, हार्बर लाईननं यायचं का म्हणून!

मला विषय दिलाय चामड्याच्या सोफ्याचा. हसा, हरकत नाही. घटना झाली, आरक्षण झालं, जातिअंत झाला, आता तुम्ही तुमच्या धंद्यावर बोला, असं आयोजकांनी सांगितलं. माझा धंदा सोफे भरण्याचा. पंचवीस वर्षं मुंबईत फोम कापतो, पट्ट्या ताणतो, कव्हर खेचून ठोकतो. आणि अलीकडे आपल्या पोरांचे फोन वाढलेत. कोणी बँकेत लागलं, कोणी रेल्वेत, कोणी पुण्यात कॉम्प्युटरवर. वन बीएचके घेतला, आता हॉलमध्ये लेदरचा सोफा पाहिजे, कोणता घेऊ? इकडून हा प्रश्न, आणि घरात म्हातारी म्हणते, 'बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितलं ते तू पैसं मोजून घरात आणतो व्हय रं?'

पोराला म्हातारी जुनाट वाटते. मला नाही वाटत. तिचा प्रश्न सोफ्याच्या किमतीपेक्षा मोठा आहे, म्हणून आधी तिला उत्तर देऊ.

ही प्रवरा वरून, संगमनेरावरून येते. बाबासाहेब एकदा संगमनेरला सभेला गेले होते. १५ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनीच ही हकिगत सांगितली आहे. तिथं 'केसरी'च्या बातमीदारानं त्यांच्याकडे चिठ्ठी पाठवली. मजकूर असा: तुम्ही तुमच्या लोकांना मेलेली ढोरं ओढू नका म्हणता. त्यांच्या बायकांच्या अंगावर धड लुगडं नाही, खायला अन्न नाही, शेती नाही. कातडं, शिंगं, मांस यांचं वर्षाला पाचशे रुपयांचं उत्पन्न होतं, तेही तुम्ही फेकून द्यायला लावता. यात तुमच्या लोकांचा काय फायदा?

बाबासाहेबांनी भर सभेत उत्तर दिलं. त्याचा मतितार्थ असा: इतका फायदा असेल तर तुम्हीच ओढा. ते पाचशे तुम्ही घ्या, वर मी माझ्या खिशातून पाचशे देतो. माझ्या माणसांचं काय होईल ते मी बघतो. आम्ही केलं तर फायदा आणि तुम्ही केलं तर नाही, असं कसं?

आता दोस्तांनो, या चिठ्ठीकडे धंदेवाल्याच्या नजरेनं बघा. हिशेब खोटा नव्हता. कातड्याला किंमत होतीच. पण ते कोणी ओढायचं हे जन्मावर ठरलेलं होतं. वतनाच्या नावाखाली महाराला गावानं आणि सरकारनं बांधून ठेवलं होतं, १८७४ चा वतनी कायदा त्यासाठीच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर. १९२७ ला महाडला त्यांनी सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस सोडा, तेव्हा त्यांनी सोडायला सांगितली ती सक्ती आणि त्या सक्तीची सवय. चामड्याला अपवित्र ते कधीच म्हणाले नाहीत. अपवित्र म्हणणारे दुसरे.

आणि हे म्हणणारे पाणी कुठलं पीत होते? भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या कालव्यांचं पाणी येण्याआधी या पट्ट्यातली बागायत विहिरीवर आणि विहीर मोटेवर. मोट कशाची? चामड्याची. मेलेल्या बैलाला ओढणारा महार, कातडं कमावणारा ढोर समाजाचा माणूस, मोट शिवणारा चांभार, नाडा वळणारा मांग. चौघांनाही त्या विहिरीवर मज्जाव. आमचा हात लागला की पाणी बाटतं, पण आमच्या हातच्या कातड्यातून आलं की ते उसाला, गव्हाला आणि मालकाच्या हंड्याला चालतं! लोखंडी मोटा आल्या, मग इंजिनं आली, तेव्हा ही भानगड आपोआप मिटली. धर्मशास्त्राला काही दुरुस्ती करावी लागली नाही.

मराठीत एक बरं आहे. कच्च्या कातड्याचं टिकाऊ चामडं करणं याला आपण 'कमावणं' म्हणतो, आणि पैसे मिळवणं यालाही कमावणंच. कातडं ज्यांनी कमावलं त्यांनी काय कमावलं, एवढाच प्रश्न आहे. चिठ्ठीवाल्याला विटाळ होता तो ओल्या कातड्याचा. तेच कातडं कारखान्यात गेलं, क्रोममधून निघालं, त्याला कॉफी कलर आला, की विटाळ गेला. मग टॅनरीचा मालक कोणीही होतो, शोरूम कोणीही टाकतो, आणि त्या सोफ्यावर बसून सत्यनारायणही होतो. टॅनरीतल्या ओल्या हौदात उतरणारा माणूस मात्र अजून बहुतेक वेळा आपल्यातला किंवा गरीब मुसलमान. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला, म्हणजे आपल्याच लाईनवर, रेल्वे कामगारांना दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोघांची गाठ कुठं पडते ते बघायचं असेल तर चामड्याचा रस्ता धरून चालत जा.

म्हणून माझं म्हातारीला उत्तर असं: आजी, तू टाकलंस ते ओझं. त्या ओझ्याबरोबर चामड्याची पारखही आपल्या हातातून गेली, आणि ती टाकायला कोणी सांगितलं नव्हतं. तुझा बाप बोट फिरवून सांगायचा की जनावर म्हातारं होतं का तरणं. आणि त्याचा पणतू शोरूममध्ये रेक्झिनला लेदर समजून हप्ते भरतो.

आता पारखीकडे येतो. हे नीट ऐका, इथं माझा खरा अधिकार आहे.

जनावराचं कातडं जाड असतं. मशीनवर त्याचे थर काढतात. वरचा थर, ज्यावर केसांची छिद्रं असतात, तो मजबूत. खालचा थर म्हणजे स्प्लिट. तो तंतूतंतूचा, कमजोर. त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन, छिद्रांचा ठसा मारून तोही 'जेन्युइन लेदर' म्हणून विकतात. कायद्यानं ते खोटंही नाही, चामडंच आहे. त्याच्याखाली बाँडेड. चामड्याच्या कारखान्यातला भुसा आणि कातरण गोळा करून गोंदात मळायचं, कापडावर थापायचं, वर पॉलियुरेथेनचा पापुद्रा. ह्याला लेदर म्हणणं म्हणजे बिस्किटाच्या चुऱ्याला पुरणपोळी म्हणणं. मुंबईच्या दमट हवेत तो पापुद्रा दोन-चार वर्षांत सुटायला लागतो. हवेतली वाफच त्याला फोडते. पोपडे पाठीला चिकटतात, पाहुणा उठला की शर्टावर काळे ठिपके. माझ्याकडे असे सोफे येतात तेव्हा मी सरळ सांगतो, याला इलाज नाही, कव्हर बदला. चांगलं चामडं फाटलं तर तेवढा तुकडा बदलता येतो, बाँडेडला टाकाही धरत नाही.

सगळ्यात मोठी लबाडी निराळीच आहे. बसायची जागा, पाठ आणि हात एवढंच खरं चामडं, बाजू आणि मागचा भाग रेक्झिन. धंद्यात याला हाफ लेदर म्हणतात. हाफ घेणं वाईट नाही, स्वस्त पडतं. पण फुलचे पैसे मोजून हाफ घरी आणणं वाईट. म्हणून दुकानात गेल्यावर आधी सोफ्याच्या मागं जा. सेल्समन पुढून बसायला सांगेल, तुम्ही मागं जा. सीटची उशी निघत असेल तर चेन उघडा आणि उलटी बाजू बघा. चामड्याची उलटी बाजू लवदार, तंतूंची. कापडाची वीण दिसली तर समजायचं. बोटानं दाबा, खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि बोट काढल्यावर जातात. छिद्रं बघा. निसर्ग छिद्रं एकसारखी मारत नाही. मानेजवळ घडी असते, कुठं गोचिडाचा डाग, कुठं काटेरी तारेचा ओरखडा. सगळं चामडं एकदम सारखं, डागरहित दिसलं तर समजा वरचा थर घासून काढलाय आणि ठसा मारलाय. लोक डाग बघून माल नाकारतात, मी डाग बघून पसंत करतो. वासावर जाऊ नका, वास बाटलीत मिळतो. आणि काडी लावून बघणारे हुशार लोक असतात, त्यांना मालक बाहेर काढतो, बरोबर करतो.

पाण्याचा थेंब टाकून बघा. उघडं, लेप नसलेलं चामडं थेंब शोषतं आणि तिथं गडद होतं. लेपवालं शोषत नाही. उघडं मऊ, महाग आणि नाजूक. घरात पोरं आहेत, येणारं-जाणारं आहे, तर लेपवालं वरच्या थराचं घ्या. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडी जास्त. तीन माणसांच्या सोफ्याला चार-पाच मोठी कातडी लागतात, कारण पोटाचा भाग ढिला असतो, तो बसायच्या जागी चालत नाही. आणि चामड्याच्या नादात आतला सांगाडा विसरू नका. एक कोपरा उचला, करकरला तर सोडून द्या. सीटचा फोम चाळीस डेन्सिटीचा मागा, पाठीला बत्तीस चालतो. हे सगळं बिलावर लिहून घ्या: कोणत्या भागाला कोणत्या थराचं चामडं, कुठं रेक्झिन, फोम किती. दुकानदार म्हणेल विश्वास ठेवा. विश्वासावर आपल्या बापजाद्यांनी अंगठे लावले. तुम्ही लिहून घ्या.

ऐपत नसेल तर? चांगलं जाड कापड घ्या. मानानं बसा. जयंतीच्या वर्गणीला शंभर रुपये देताना हात आखडतो आणि बाँडेडच्या सोफ्याला छत्तीस हप्ते, अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत. नावं घेत नाही, दोघं समोरच बसलेत.

आता जरा वळतो. कारण हा सोफा कोणाच्या हातातून येतो ते कळल्याशिवाय पारख अर्धी.

बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कातडं कमवायला कित्येक आठवडे लागतात. क्रोमियमच्या मिठात एका दिवसात काम होतं, म्हणून जगातलं बहुतेक चामडं क्रोमवर. हौदातून निघालेलं ओलं कातडं फिकट निळं असतं. आपला रंग! पण तो रंग ज्यांच्या हाताला लागतो त्यांच्या बोटांना भोकं पडतात, बऱ्या न होणाऱ्या जखमा. चुन्यानं कातडी सोलते, माणसाची. तमिळनाडूत राणीपेटला ३१ जानेवारी २०१५ च्या रात्री टॅनऱ्यांच्या सांडपाण्याच्या केंद्रात गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि झोपलेले दहा कामगार त्या गाळात मेले. बहुतेक बंगालातून पोटासाठी आलेले. शोरूममधल्या लेबलावर चामडं इटालियन आहे का हे असतं, हे नसतं.

त्याच वर्षी आपल्या राज्यात गोवंशहत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत वाढला. पाच वर्षं कैद. धारावीतल्या छोट्या चामडेवाल्यांना विचारा काय झालं. म्हशीचं चालू राहिलं, पण कातड्याच्या टेम्पोला रस्त्यात कोण अडवेल याचा नेम राहिला नाही, आणि अडवणारा म्हशीचं का गाईचं ते बघत नाही. २००२ साली हरियाणात दुलिन्याला पाच दलितांना गाय मारल्याच्या संशयावरून जमावानं ठार केलं. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. म्हणजे गंमत बघा. ओढत नाही म्हटलं तर संगमनेरला चिठ्ठी येते, ओढलं तर उनाला पट्टा येतो.

आणि मग उनानंतर गुजरातेतल्या लोकांनी काय केलं? मेलेली जनावरं नेऊन सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं टाकली. तुमची माय आहे, तुम्ही उचला. बाबासाहेबांचं संगमनेरचं उत्तर त्यांनी कृतीतून दिलं. मी ते फोटो बघितले तेव्हा कारखान्यात हातातली पिन-गन खाली ठेवून उभा राहिलो होतो.

आता आपल्यातलं एक कडू बोलतो. आपण ओढणं सोडलं, याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच पाहिजे. पण त्या अभिमानात ढोर आणि चांभार भावांना 'ते अजून चामड्यातच' म्हणून नाक मुरडणारे आपल्यात आहेत. आणि 'आम्ही ओढणाऱ्यातले नव्हतो' म्हणणारे त्यांच्यातही आहेत. एका मोटेला चौघांचे हात लागलेले, आणि चौघांनी एकमेकांच्या वरखाली पायऱ्या धरलेल्या. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरी वहाणा दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंबाबोंब झाल्यावर कबुली दिली. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राची अस्मिता जागी झाली. ती वहाण करणाऱ्याच्या घरी पाणी पिताना ही अस्मिता कुठं जाते, हे आपण तरी विचारलं पाहिजे. आणि विचारण्याआधी आपण पिऊन आलं पाहिजे.

पोरांनो, चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, १९४८ पासून. चामड्याचं शास्त्र हे रसायनशास्त्र आहे. त्यात शिकायला जा. हौदाच्या काठावर उभं राहून हौदात काय टाकायचं, उतरणाऱ्याच्या हाताला काय बांधायचं हे ठरवणारा माणूस आपला असू द्या.

एका बहिणीनं चिठ्ठी पाठवलीय. आज चिठ्ठ्यांचाच दिवस आहे. विचारते, आपण बौद्ध, पहिलं शील प्राणिहिंसेचं, मग चामड्यावर बसावं का? बाई, तुमचा प्रश्न अडीच हजार वर्षं जुना आहे. विनयपिटकात महावग्गात चामड्यावर सबंध एक प्रकरण आहे. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेतो, तेव्हा भगवान वहाणेला परवानगी देतात. दुसरा एक भिक्खू वासराच्या सुंदर कातड्याचा लोभ धरतो आणि त्यापायी वासरू मारलं जातं, तेव्हा भगवान गाईचं कातडं वापरायला बंदी करतात. आणि गृहस्थाच्या घरी चामड्यानं मढवलेली आसनं असली तर? भिक्खूनं बसावं, पण झोपू नये! दुपारी सोफ्यावर आडवे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या. मला त्यातून एवढं कळतं की भगवान चामड्याला भीत नव्हते, लोभाला हटकत होते. बाकी तुम्ही ठरवा. नको वाटत असेल तर घेऊ नका, आणि घेणाऱ्याला पापी म्हणू नका.

राहता राहिली निगा. आपले लोक इथं मार खातात, कारण वहाणेचं ज्ञान सोफ्याला लावतात. वहाणेला तेल पाजतात ते बरोबर, ते साली-हिरड्याचं उघडं चामडं असतं, तेल पितं. सोफ्याच्या चामड्यावर रंगाचा लेप असतो. खोबरेल लावलं की ते वरच बसतं, धूळ धरतं, खवट होतं, पावसाळ्यात त्यावर बुरशी. तेल नाही, रॉकेल नाही, स्पिरिट नाही, कपड्याची पावडर तर मुळीच नाही. आठवड्याला कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. मळला तर फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा, सौम्य साबणाचा फेस, पुसा, लगेच कोरडं करा. वर्षातून दोनदा चामड्याचं क्रीम. आपल्या नगरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी, चामडं तडकतं, म्हणून खिडकीच्या उन्हात आणि कूलरच्या झोतात ठेवू नका. मुंबईकरांचं उलट. तिकडं बुरशी. भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, वारा खेळू द्या. गावाला जाताना प्लॅस्टिकनं गुंडाळून जातात, परत येऊन बघतात तर पांढरी लव. जुनी सुती चादर टाका.

डोक्याचं तेल हा चामड्याचा सगळ्यात मोठा शत्रू. पाठीच्या वरच्या कडेला आधी काळपट डाग, मग लेप मऊ होतो, मग उतरतो. इंग्रजांनाही हाच ताप होता, मकासर तेल लावायचे, म्हणून खुर्चीच्या पाठीवर फडकं टाकायची पद्धत निघाली. तुम्हीही टाका आणि धूत जा. पेनची रेघ पडली तर घासू नका, घासली की पसरते, आमच्यासारख्याला बोलवा. चहा सांडला तर टिपून घ्या, आधी टिपा, पुसायचं नंतर.

बोलणं पुरे. मागच्या टेबलावर मी चार तुकडे ठेवलेत. वरच्या थराचं म्हशीचं, स्प्लिट, बाँडेड, आणि रेक्झिन. कोणता कोणता ते लिहिलेलं नाही. शेजारी पाण्याचा तांब्या आहे. सगळ्यांनी हात लावून, उलटं करून, थेंब टाकून बघा आणि मला येऊन सांगा. आजीबाई, तुम्ही आधी या, तुम्हाला वाट द्यायला सांगतो.